बिबिजाननं न भरलेला चुडा

बांगड्या भरताना बिबिजान समोरच्या बाईचा हात आपल्या मांडीवर घ्यायची, अंगठ्याखालचं हाड दाबायची आणि गप्पा मारता मारता बांगडी मनगटावर उतरवायची. कुणाला दुखलं असं मी कधी ऐकलं नाही. नवरा वारलेला, राहायला नारायणगावात, पण सगळा धंदा आमच्या वारूळवाडीत. हिरवा चुडा भरायला बिबिजानच हवी, असा आमच्या बायकांचा हट्ट असे.

सत्तावन्न साली दिवाळीनंतर छातीचे फोटो काढणारी मोटार गावात आली. क्षय किती माणसांत लपून बसलाय हे शोधायचं होतं, म्हणून धडधाकट माणसांनीही आपणहून यावं असं डॉक्टर सांगत होते. पुरुष गेले. बायका अडल्या. फोटोला गळ्यातलं काढावं लागे, आणि नवरा जिवंत असताना मंगळसूत्र कोण उतरवणार? शेवटी बिबिजाननंच तोडगा काढला. मंगळसूत्र तिथल्या तिथं मनगटावर, बांगड्यांवर गुंडाळायचं, म्हणजे ते अंगावरच राहतं. आधी ती स्वतः जाऊन उभी राहिली. तरी तिच्यामागून मी धरून पाच-सहा जणीच गेलो. बाकीच्या पदर तोंडाला लावून गंमत बघत राहिल्या. मला अजून त्यांचा राग येतो.

महिन्याभरानं डॉक्टर तिच्या दारात आले. रोग तिलाच निघाला होता. खोकला होता, पण तो चुलीच्या धुराचा, असं ती समजून होती. औषधानं बरं वाटेल, डॉक्टर म्हणाले, पण तोवर कुणाच्या तोंडाशी तोंड नेऊन बसायचं नाही. म्हणजे धंदा बंद. आपण ही गोष्ट गावात कुणाला सांगणार नाही, असंही त्यांनी सांगितलं. हे सगळं पुढं तिनंच मला सांगितलं.

त्याच आठवड्यात आमच्या शेजारच्या प्रयागबाईंचं तिला बोलावणं गेलं. सून शीला सातव्या महिन्यात, तिला हिरवा चुडा भरायचा होता. बिबिजानची पंचाईत झाली. भरावा तर समोर पोटुशी पोर, नाही म्हणावं तर शुभकार्यात मोडता. अंगात ताप आहे म्हणून सुटता आलं असतं. मी तरी तेच केलं असतं.

ती आली, पण उंबऱ्याबाहेरच थांबली. आत बायका जमल्या होत्या.

"प्रयागबाय, मला छातीचा रोग निघालाय," ती म्हणाली. "पोरीच्या हाताला मी हात लावायची न्हाई. आन तुमा समद्यांचे हात म्या धरल्यात. फोटो काढून घ्या."

प्रयागबाईंनी सुनेला ओढून आत नेलं. बिबिजानला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. चुडा मंचरच्या माणसाकडून भरून घेतला.

मोटारीनंच तिला रोग घातला, असंही गावात म्हणून झालं. पण भीती त्याहून मोठी होती. चैत्रात मोटार पुन्हा आली तेव्हा झाडून साऱ्या बायका रांगेला, मनगटावर मंगळसूत्रं गुंडाळून. कडेवर तान्हं घेऊन शीलाही होती. डॉक्टर खूश झाले. बिबिजान लांब चिंचेखाली बसली होती, तिच्याकडं कुणी मान वळवली नाही.

काही बायकांना रोग निघाला, एवढंच पुढं कळलं. कुणाला, ते डॉक्टर सांगत नसत. बिबिजान गोळ्या आणायला गेली की शीलाचं विचारी. डॉक्टर म्हणत, तुमचं नाव आम्ही सांगितलं नाही, तसं दुसऱ्याचंही सांगणार नाही. कुणाचा कुणाला लागला, हे तर फोटोत दिसतच नाही. ती रडत परत येई.

दीडेक वर्षात ती बरी झाली. आता खुशाल धंदा करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिनं भाजीची पाटी घेतली. बायका हळूहळू निवळल्या, पण हिनं कुणाच्या हाताला हात लावला नाही.

एकदा नारायणगावच्या बाजारात मी आणि शीला तिच्याकडं भाजी घेत होतो. शीलानं आपणहून हात पुढं केला. म्हणाली, "बिबी, तुमीच भरा की बांगड्या. तुमच्यासारखं कुणाला जमत न्हाई."

बिबिजान त्या हाताकडं बघत राहिली.

"लई बारीक झालाय गं," ती म्हणाली. "आधी खरं सांग. तुला निघाला व्हता का?"

शीलानं हात पदराखाली घेतला.