लिस्बनच्या वाटेवर मुलुंडचा खड्डा

"मॅडम, मी तुमच्या बिल्डिंगसमोर उभा आहे. पण बिल्डिंग कुठाय?"

हा फोन आला तेव्हा मी गोरेगावला आमच्या भाड्याच्या घरात दात घासत होते. फोनवर होते मुलुंडचे हवालदार सावंत, माझ्या पोलीस व्हेरिफिकेशनसाठी आलेले. आमची बिल्डिंग दोन वर्षांपूर्वी रिडेव्हलपमेंटसाठी पाडली. तिथे आता खड्डा आहे. पासपोर्टवर मात्र अजून तीच बिल्डिंग, दुसरा मजला.

थोडं आधीचं सांगते. मी डिझायनर आहे, सगळं काम लॅपटॉपवर. मला पोर्तुगालचा डिजिटल नोमॅड व्हिसा हवा होता म्हणजे हवाच होता. लिस्बनला राहायचं आणि काम इथल्याच कंपनीचं करायचं. कंपनी हो म्हणाली, पण तीन महिन्यांत व्हिसा हातात पाहिजे, नाहीतर विषय संपला. सॅलरी स्लिपा, इन्शुरन्स, तिकडचं घर, सगळं झालं होतं. राहिलं होतं फक्त पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. त्या फॉर्ममध्ये 'सध्याचा पत्ता' विचारला, तिथे मी बिनधास्त मुलुंड टाकलं. आमच्या घरात बाबांचा नियमच आहे: बँक, आधार, गॅस, सगळीकडे मुलुंड. "पत्ता सोडला की बिल्डर उद्या विचारणार, तुम्ही कोण?"

"साहेब, थांबा हां, दहा मिनिटांत आलेच," मी म्हटलं. गोरेगावहून मुलुंडला दहा मिनिटांत हेलिकॉप्टर पण जात नाही.

रिक्षा पकडली. तुम्हाला कधी असं जायचं असेल तर आरेतून जा. पवईला पुढे ट्रॅफिक लागणारच आहे, त्याआधी झाडं तरी बघा. तबेल्यांचा वास येतो, स्पीडब्रेकरवर कंबरेची वाट लागते, पण हवा झकास. रिक्षावाले काका मालवणकडचे निघाले.

"खंय जातंस इतक्या घाईत?"

"काका, पोर्तुगालला."

"मगे मुलुंडाक कित्याक?"

खड्ड्याची गोष्ट सांगेपर्यंत मुलुंड आलं. भाडं तीनशे चाळीस झालं. परतीला बस घ्या, मी पण तेच केलं.

सावंतसाहेब पत्र्याच्या कुंपणाला टेकून शांतपणे दाबेली खात होते. (कोपऱ्यावरची गाडी, पंचवीस रुपये, मसाला शेंगदाणे जास्त मागायचे.) मी धापा टाकत पोचले आणि त्यांना आत बोट दाखवून म्हटलं, "ती क्रेन आहे ना, तिथे आमचं किचन होतं."

समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीतून शहाकाकू ओरडल्या, "अगं, बोल ना साहेबला, तू माझ्याकडेच राहते!"

"काकू," सावंत वर बघून म्हणाले, "साहेब इथेच उभा आहे. त्याला ऐकू येतंय."

मग माझ्याकडे वळून विचारलं, "राहता का त्यांच्याकडे?"

खरं सांगते, एक सेकंद हो म्हणावंसं वाटलं. व्हिसाची अपॉइंटमेंट पुढच्याच आठवड्यात होती. "नाही," मी म्हटलं.

"मग मी तसंच लिहिणार. गोरेगावचा भाडेकरार रजिस्टर आहे ना? आधी पासपोर्टवर तो पत्ता घ्या, मग नवीन अर्ज टाका. महिना-दीड महिना जाईल. पण होईल."

अपॉइंटमेंट गेली. तिथेच फुटपाथवर बसून मी पुढची मिळतेय का बघितलं, पाच आठवड्यांनंतरची मिळाली. तीन महिन्यांत बसत होती. मग दोन गल्ल्या सोडून आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी देसाईकाका यांच्या स्टेशनरीच्या दुकानात गेले. बाबांची भीती खरी आहे का, तेवढंच विचारायचं होतं.

"पासपोर्ट कोण बघतंय गं? बिल्डरबरोबरचा करार रजिस्टर आहे, त्यात तुझ्या बापाचं नाव आहे. बस." त्यांनी त्या पानाची झेरॉक्स काढून दिली. पैसे घेतले नाहीत.

घरी आल्यावर मी ती बाबांसमोर ठेवली. भाडेकरार त्यांच्या कपाटात, आणि किल्ली त्यांच्या खिशात.

"हा नुसता कागद आहे," बाबा म्हणाले.

"मग पासपोर्ट काय आहे?"

"आधी घर गेलं. आता पत्ता. मग तू."

मी झेरॉक्स त्यांच्याकडे सरकवली. म्हटलं, "बाबा, तुझे कागद तू बदलू नकोस. माझा एकच बदलते. पण बदलणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाडेकरार माझ्या लॅपटॉपवर ठेवलेला होता, प्लास्टिकच्या फोल्डरसकट.

पुढचं सगळं धावपळीचं आणि कंटाळवाणं. अंधेरीला पासपोर्ट ऑफिसची चक्कर, नवीन पासपोर्ट, क्लिअरन्सचा परत अर्ज, त्याचे परत पाचशे. व्हिसा आला तो कंपनीच्या मुदतीच्या नऊ दिवस आधी. तुमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली असेल तर प्लीज, पोर्तुगालचं गुगल करायच्या आधी पासपोर्टवरचा पत्ता बघा.

आता बॅग भरतेय. लिस्बनचे फोटो बघायचे सोडून डोक्यात सारखा येतो तो गोरेगावच्या व्हेरिफिकेशनचा दिवस. बाबांनी त्यासाठी ऑफिसला सुट्टी टाकली होती, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. कॉन्स्टेबल मॅडमनी विचारलं, "काका, मुलगी इथेच राहते?"

"दोन वर्षं झाली. इथेच राहते," बाबा म्हणाले. "परदेशी चाललीय, पण परत आली की इथेच येणार. तेही लिहा."

"काका," मॅडम म्हणाल्या, "तेवढी जागा नाहीये फॉर्ममध्ये."

"मग मागे लिहा," बाबा म्हणाले.