मी लिहिलेलं ‘आणि साथीदार’

सकाळपासून चैन नाही, म्हणून गावच्या ग्रुपवर तुम्हालाच विचारते.

टँकरची वाट बघताना अण्णांना मोबाईलवर जुना लॅटिन जॅझ अल्बम ऐकवला. वादकांनी आपल्या दिवंगत उस्तादासाठी वाजवलेला. अण्णा गोंधळात संबळ वाजवतात. ताल मला त्यांनीच शिकवला. त्यांची बोटं रिकाम्या घागरीवर चालू लागली.

“लई गोड हात हाय. ढोलावर कोण गं?”

मी अल्बमखालच्या वादकांच्या यादीतून नाव वाचलं.

“बघ, ढोलवाल्याचंबी नाव हाय! अन् तू काल काय लिवलंस?”

काल दूध सोसायटीत झालेल्या देवीच्या गोंधळाच्या व्हिडिओखाली मी फक्त गायकाचं नाव लिहिलं होतं, पुढे ‘आणि साथीदार’. आपल्याच वडिलांचं नाव मिरवायला संकोच वाटला.

“माझं ऱ्हाऊ दे. तुणतुण्यावरच्या मामाचं नाव का खाल्लंस?”

दुरुस्ती करायला बसले. मामांचं पूर्ण नाव विचारलं, तर अण्णा म्हणाले, “समदे मामाच म्हनत्यात.”

कुणाला ठाऊक आहे का?