साखरपुड्याच्या पिशव्यांत सासूबाईंनी भरला जवला

मैत्रिणींनो, आज इतकी चिडलेय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवणार नाही.

उद्या माझ्या माहेरी भाचीचा साखरपुडा. बायकांना द्यायच्या भेटींसाठी मी किती दिवस दुकानांच्या जुन्या कागदी पिशव्या जमवत होते. दुकानाच्या नावावर जुन्या साड्यांचे काठ चिकटवले, दोऱ्या बदलल्या, गोंडे लावले.

दुपारी ऑफिसातून आले तर कपाट रिकामं!

"आई, इथल्या पिशव्या कुठे गेल्या?"

सासूबाई म्हणाल्या, "अगो, तुझी नणंद नि पाव्हणे मुंबैला निघाले ना? त्यांना सुकी मासळी भरून दिली, जवला नि सोडे. धरायला बऱ्या हायत त्या."

"अहो, त्या साखरपुड्याच्या होत्या!"

"मला काय ठाव? दुकानातल्याच पिशव्या ना त्या?"

स्कूटी काढून रेवसच्या धक्क्यावर धावले. मुंबईची लाँच सुटली होती. नणंदेला फोन लावला.

"वहिनी, जवला मस्तच हाय! पण कागदी पिशव्या फाटल्या असत्या गं. सगळं सॅकमध्ये भरलं. पिशव्या तिथेच डब्यात टाकल्या."

वळून बघितलं. तिकीटखिडकीजवळच्या कचऱ्याच्या डब्यातून माझे जरीचे काठ डोकावत होते, वर चहाचे कप. एक पिशवी उचलली, वास घेतला आणि परत टाकली.

उद्या भेटी उघड्याच द्यायच्या. सासूबाईंवर ओरडताही येत नाही, त्यांनी लेकीला मायेनेच दिलं. पण माझ्या मेहनतीचं काय?

तुमच्या हातचं काम घरच्यांच्या नजरेत यावं म्हणून तुम्ही काय करता? खरंच सांगा.