मुठीतली काचनळी

आधीच सांगते... इशारे, टेलिपथी असलं काही सांगणाऱ्यांना मी पाणीसुद्धा विचारत नाही. घर आसेगावचं, तालुका मंगरूळपीर. काम पुण्याच्या एका प्रयोगशाळेत.

मेंदूच्या पेशींत अतिसूक्ष्म नळ्यांचा सांगाडा असतो. बकरीच्या मेंदूतून त्या काढायच्या, त्यांच्यावर लेझर मारायचा आणि उजेड किती वेळ रेंगाळतो ते मोजायचं. फारच रेंगाळला, तर तिथे क्वांटम काहीतरी चालू आहे, अशी आमची आशा. भुलीचं औषध सोडलं की तो लवकर विझतो.

त्या मंगळवारी वाशिमला आईच्या खुब्याचं ऑपरेशन होतं. बकऱ्यांच्या गोठ्यात घसरली होती. हृदय कमजोर, पूर्ण भूल झेपेल की नाही, डॉक्टरांनाच खात्री नव्हती. आणि लेझर वापरायला मला नेमका तोच दिवस मिळालेला. दादा म्हणाला, "तू येऊन काय करशीन? मी आहो ना." मी ऐकलं. ऐकणं सोयीचंच होतं, हेही कबूल करते.

सकाळी अकराची वेळ. अंधारी खोली, साधा नमुना, औषधाचा थेंबही नाही — आणि उजेड भूल दिल्यासारखा झटकन विझायला लागला! तापमान पाहिलं, लेझर पाहिला. सगळं ठीक. दादाला फोन लावला.

"आत्ताच नेलं वं आत. भूल देऊन राह्यले. तू कायले घाबरून राह्यली?"

मग मी जे केलं ते पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही करणार नाही. नमुन्याची काचनळी यंत्रातून काढली आणि मुठीत घट्ट धरली. किती वेळ, कोण जाणे. यंत्राची घरघर ऐकत, अर्धवट झोपेत असल्यासारखी "आई, ऊठ" म्हणत राहिले.

फोन वाजला. आई शुद्धीवर आली होती. मी रडले. नळी परत ठेवली, तर उजेड पूर्वीसारखाच रेंगाळत, सावकाश उतरत होता.

हाताळलेला नमुना बाद. त्या नोंदीवर मीच काट मारली, कुणाला काही बोलले नाही.

आई घरी आल्यावर आसेगावला गेले. ती अंगणात कोवळ्या उन्हात बाजेवर पडलेली, बकऱ्या आजूबाजूला रवंथ करत बसलेल्या. मला पाहून म्हणाली, "तू आल्ती ना वं तवा? माहा हात असा आवळून धरला होता, सोडतच नव्हती. म्या म्हनलं, सोड वं पोरी, मी कुठी चालली?"

दादा हसला. "थे पुन्यात होती, आई. भुलीत दिसलं तुले."

नंतर तोच प्रयोग मी कितीदा केला... पुन्हा तसं झालं नाही. का झालं, तेही कळलेलं नाही. पण त्या दिवशी अंगणात आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"आल्ती, आई," मी म्हटलं. आजही ते खोटं बोलल्यासारखं वाटत नाही.