एक नंबरची रिकामी जागा

जगात आवाज दोनच प्रकारचे असतात, एक सॅक्सोफोन आणि दुसरा अडथळा, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या रायपुरात एकच आहे आणि तो माझ्या समोरच्या घरात राहतो. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. काका मूळचे भंडाऱ्याकडचे. रेल्वेत लागले आणि इकडचेच झाले. नोकरीभर त्यांनी एकच काम केलं, ते म्हणजे कर्मचाऱ्यांच्या ज्येष्ठता यादीचं. कोण कोणाच्या वर, कोणाला बढती, कोण निलंबित, सगळं यांच्या टेबलावरून जायचं. निवृत्त झाल्यावर तेलीबांधा तलावाच्या बाजूला त्यांनी घर बांधलं, पण यादी काही हातून सुटली नाही. आता यादीत माणसं नसतात, सॅक्सोफोनचे तुकडे असतात, एवढाच काय तो फरक.

दर एक जानेवारीला काका जगातल्या सर्वोत्तम दहा सॅक्सोफोन-वादनांची यादी जाहीर करतात. व्यवस्थित टाइप केलेली, खाली सहीसकट. एक प्रत त्यांच्या फ्रिजवर लागते, बाकीच्या आम्हा शेजाऱ्यांना वाटल्या जातात आणि तळाला ओळ असते, ‘आक्षेप पंधरा दिवसांत लेखी कळवावेत.’ यादीत गाण्याचं नाव शोधू नका. गाणं कोणी गायलं, कोणी लिहिलं, याच्याशी काकांचं देणंघेणं नाही. ‘गाणारा काय करते भाऊ? सॅक्सोफोनवाला दम घेते ना, तेवढा वेळ पब्लिकले सांभाळते,’ असं त्यांचं मत आहे. त्यामुळे तिसऱ्या क्रमांकावर लिहिलेलं असतं, ‘क्लबमधलं. बाई जिना उतरते, तिच्या आधी सॅक्सोफोन उतरतो.’ सहाव्या क्रमांकावर एक जुनी परदेशी जॅझ रेकॉर्ड आहे. तिच्यात वाजवणारा एका सुरावर घसरतो आणि मग तीच घसरण मुद्दाम आणखी दोनदा वाजवतो. ‘चूक केली, अन् तिलेच बढती देऊन टाकली. आमच्या ऑफिसात असं केलं असतं तर चार्जशीट भेटली असती,’ असं म्हणताना काकांच्या डोळ्यांत अक्षरशः पाणी येतं. पाचव्या क्रमांकावरचा तुकडा सध्या निलंबित आहे, कारण गल्लीतल्या एकाने तो मोबाइलची रिंगटोन केला.

तुकडा जवळ येऊ लागला की काकांचा उजवा हात आपोआप वर जातो. मग समोर जेवणाचं ताट असो नाही तर डॉक्टर. एकदा मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून सदर बाजारातून जात होतो. एका कापडाच्या दुकानात जुनं गाणं लागलं होतं. काकांनी भर गर्दीत ब्रेक लावला आणि हात वर केला. मागे गाड्यांची ही रांग. हॉर्न, शिव्या, सगळं सुरू झालं. कोणीतरी काळजीने विचारलं, ‘क्या हुआ अंकल, तबीयत?’ काका वळूनही न बघता म्हणाले, ‘आठ सेकंड रुको भैया, आ रहा है.’ आणि खरंच आला! काका डोळे मिटून उभे, मी लाजेने अर्धमेला. तुकडा संपला तसा मागचा दुधवाला शांतपणे छत्तीसगढीत म्हणाला, ‘हव कका, आ गे. अब गाड़ी ल हटा.’ काकांनी घरी आल्यावर त्या दुधवाल्याचं आठवडाभर कौतुक केलं. त्याला कान आहे म्हणे.

मात्र यादीत वशिला चालत नाही. सख्ख्या पुतण्याने लग्नात वाजवून दाखवलं, तर त्याला तोंडावर सांगितलं, ‘तू इंजिनीअरच ठीक आहेस.’ आणि काका स्वतःलाही सोडत नाहीत. चौथ्या क्रमांकावर अकरा वर्षं एक तुकडा मानाने बसला होता. गोल बाजाराजवळच्या एका लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवणारे म्हातारे मास्टरजी एकदा चहाला आले, त्यांनी तो ऐकला आणि बिस्किट बुडवत म्हणाले, ‘साहब, ये तो क्लॅरिनेट है.’ काका दोन दिवस जेवले नाहीत. ‘बोगस सर्टिफिकेटवर अकरा वर्षं नोकरी, अन् सही माही,’ एवढंच बोलत राहिले. तिसऱ्या दिवशी बडतर्फीचा कागद फ्रिजवर लागला. मास्टरजी मात्र त्या दिवसापासून घरचेच झाले.

आता गंमत अशी, की या यादीत एक नंबर कधीच भरला गेला नाही. तिथे दरवर्षी एकच मजकूर असायचा, ‘रिक्त. योग्य उमेदवार न मिळाल्याने.’ आम्ही नावं सुचवून थकलो. काका मान हलवायचे. ‘एक नंबर म्हणजे ऐकल्यावर दुसरं काही ऐकावंच वाटू नये. तसं अजून कोणी भेटलं नाही.’

मागच्या पावसाळ्यात, काका भाजीला गेलेले बघून काकूंनी मला फाटकाशी थांबवलं. काकू म्हणजे अगदी कमी बोलणाऱ्या. बत्तीस वर्षं नवऱ्याचा वर गेलेला हात बघत वरणभात पुन्हा पुन्हा गरम करणाऱ्या. त्या म्हणाल्या, ‘भाऊ, मी मास्टरजीकडे शिकून राहिली. लग्नं नाहीत ना सध्या, त्याईले वेळ आहे. तुमच्या काकाईले सांगू नका.’

मला आधी कळेचना. ‘काय शिकताय?’

‘तेच ते. पद रिकामं आहे तर अर्ज करायले काय जाते?’ मग पदराशी खेळत हळूच म्हणाल्या, ‘बत्तीस वर्षं ऐक, ऐक म्हणाले. तुले काय आवडते, ते नाही विचारलं कधी. नापास केलं तर चालेल. पण बायको म्हणून खोटं पास केलं, तर मी पुन्हा हात नाही लावणार त्याले.’

त्या दिवसापासून माझीच झोप उडाली. भजनाला म्हणून काकू निघाल्या की मी मनात देव आठवायचो. मास्टरजींना गाठून विचारलं, तर ते खूश होते. ‘दीदी की फूंक बढ़िया है. बचपन में चूल्हा फूंका है न.’ पण फुंकर वेगळी आणि काकांची यादी वेगळी. खरं बोलले तर काकू दुखावणार, गोड बोलले तर वाजवणंच बंद. आणि काकांना गोड बोलता येत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

एक जानेवारीला आम्ही चहाला जमलो. मास्टरजी पेटी घेऊन आले तेव्हा काकांना वाटलं, तेच वाजवणार. इतक्यात काकू स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या, सुती साडीवर गळ्यात पट्टा अडकवला आणि कोणाकडे न बघता तो भला थोरला सॅक्सोफोन तोंडाला लावला. तिसऱ्या क्रमांकाचा तुकडा होता, जिना उतरणारा. दुसऱ्याच सुरावर त्या घसरल्या. मध्येच, जिथे कोणी श्वास घेत नाही तिथे, त्यांनी मोठा श्वास घेतला. पण उतरल्या, पूर्ण जिना उतरल्या! मी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि काकांकडे बघून तसेच खाली ठेवले.

काकांचा उजवा हात वर होता. तो खाली येईना. हात तसाच ठेवून ते म्हणाले, ‘पुन्हा.’

काकूंनी पुन्हा वाजवलं. मग पुन्हा. पाच वेळा. पाचही वेळा त्याच जागी श्वास घेतला.

‘दुसरा सूर कच्चा आहे,’ काका म्हणाले. ‘मधात श्वास घेतला, ते चूक. पार चूक.’ त्यांनी उठून फ्रिजवरची यादी काढली, पेन घेतलं आणि एक नंबरसमोरचं ‘रिक्त’ खोडलं. मी वाकून बघितलं. लिहिलं होतं, ‘पद भरले. उमेदवार प्रोबेशनवर.’ काकूंनी ते वाचलं आणि लग्नातल्यासारख्या लाजल्या. मी चहाचे कप उचलायच्या निमित्ताने आत पळालो.

आता रोज संध्याकाळी पाचला काकूंचा रियाज असतो. त्यांना संकोच नको म्हणून काका बाहेर पायरीवर बसतात. बाकीचे नऊ तुकडे हल्ली त्यांच्या घरून फारसे ऐकू येत नाहीत. परवा मी शेजारी बसलो आणि विचारलं, ‘काका, कन्फर्म कधी करणार?’

‘नाही करत,’ काका म्हणाले. ‘प्रोबेशन वाढवत राहीन. कन्फर्म झालं का माणूस बदली मागते, भाऊ. साठीच्या पुढं कोणाची बदली कुठं होते, तुले माहीत आहे. मले नको ते.’

आत काकू जिना उतरत होत्या. नेमक्या नको त्या जागी त्यांनी श्वास घेतला आणि पायरीवर बसल्या बसल्या काकांनीही घेतला.