टेबलाची तिची बाजू

देशाच्या टेबल टेनिस संघाच्या प्रशिक्षकांना खेळाडूची चूक मनगट हलायच्या आधीच दिसायची. ते स्वतः खेळायचे तेव्हापासून घरचा सराव मात्र बायकोबरोबरच. रोज जेवणाच्या वेळी तिचा एक चेंडू हमखास जाळीत जायचा, मग स्वारी जिंकल्याच्या तोऱ्यात पानावर बसायची.

ती गेल्यावर त्यांनी टेबलाची तिची बाजू उभी दुमडली आणि एकटेच त्या फळीवर चेंडू मारू लागले. दुपारचे तीन वाजले तरी थांबेनात, तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, जेवायला चला. आई रोज मुद्दाम चुकायची, म्हणून तुम्ही वेळेवर जेवत होतात."

जन्मभर लोकांच्या चुका डोळ्यांत तेल घालून शोधल्या, पण ही एक दिसली नव्हती. त्यांनी आणखी एक चेंडू मारला. उभ्या फळीने तो बिनचूक परत केला.