मला न विचारता

आमच्या कारखान्यात गणवेश शिवतात. शाळांचे, दवाखान्यांचे, हॉटेलात वाढणाऱ्यांचे. मी काजाच्या मशीनवर असते. या कामात हात अडकलेले असतात, पण तोंड आणि कान मोकळे, त्यामुळे कारखान्यातली प्रत्येक गोष्ट आधी माझ्यापर्यंत येते. ही गोष्ट मात्र ऐकीव नाही. निम्म्याहून जास्त वेळ मी तिथे हजर होते.

आमची मास्तरीण एकोणिसाव्या वर्षी धागे कातरायच्या कामाला लागली. कापड कापणं तेव्हा पुरुषांचंच काम. एकदा कटिंग मास्तरचा मनगटापासून हात सुजला, दवाखान्याचा मोठा लॉट दुसऱ्या दिवशी द्यायचा होता आणि मालक गावाला गेलेला. हिने कुणाला न विचारता ऐंशी थर अंथरले, पुठ्ठ्याचे फर्मे मांडले, खडूने आखलं आणि कापायला घेतलं. मालक आला तो ओरडतच आला. मग त्याने खालच्या चिंध्या तोलून बघितल्या. मास्तरच्या कापणीत पडायच्या त्यापेक्षा कमी होत्या. त्या दिवसापासून टेबल तिचं. तिला काय म्हणावं हे कुणाला सुचेना, म्हणून मास्तरीण.

पण ही टेबलावरची वाघीण घरी गेली की ‘छोटी’ व्हायची. लग्न केलं नव्हतं. थोरला भाऊ आणि वहिनी यांच्या घरात मागच्या खोलीत राहायची आणि पगाराचं पाकीट जसंच्या तसं दादाच्या हातावर ठेवायची. दादा वाईट माणूस नव्हता. “तुला यातलं काय कळतं, मी बघतो सगळं,” हे तो प्रेमानेच म्हणायचा.

एकावन्नाव्या वर्षी तिच्या दोन दाढा काढून नव्या बसवायची वेळ आली. तिने दादाकडे पैसे मागितले. दादा म्हणाला, पुढच्या महिन्यात. पुढच्या महिन्यातही पुढच्या महिन्यात. तिसऱ्या खेपेला एका गालाने जेवता जेवता तिने विचारलं, “दादा, माझे पैसे आहेत कुठे?”

“घरात आहेत.”

“घरात म्हणजे कपाटात?”

“घरात म्हणजे घरात! वरचा मजला काय हवेतून आला? तुझंच घर आहे ना हे?”

“मग घराच्या कागदावर माझं नाव कुठेय?”

दादाने भाकरीचा तुकडा मोडला. वहिनीने पातेल्यातला डाव उगाच दोनदा फिरवला. मास्तरीण उठली, हात धुतले आणि म्हणाली, “या महिन्यापासून खर्चाचा माझा वाटा मी देईन. पाकीट माझ्याकडे राहील.”

हे तिने मला दुसऱ्या दिवशी थर अंथरता अंथरता सांगितलं.

आता पाकीट हातात आलं, पण त्याचं करायचं काय? कारखान्यातल्या रेडिओवर एक जाहिरात लागायची, नव्याने गुंतवणूक करणाऱ्यांसाठी. एजंट नाही, साहेब नाही. फोनवर आठ-दहा प्रश्नांची उत्तरं द्यायची, मग कंपनीचा संगणक ठरवतो की तुमच्या पैशातला किती भाग शेअरांत घालायचा आणि किती रोख्यांत. दरमहा रक्कम आपोआप जमा होते, वाटणी बिघडली तर संगणकच ती नीट करतो. शेवटी एक गोड आवाज म्हणायचा, “तुम्ही फक्त सुरुवात करा, बाकी आम्ही बघतो.”

“बाकी आम्ही बघतो म्हणणारा घरी एक आहेच,” मास्तरीण म्हणाली. पण सुरुवात थोड्या पैशांनी करता येत होती आणि कुणासमोर हात जोडून उभं राहायचं नव्हतं. तिने फोन काढला.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळ्या तिच्याभोवती जमलो. पहिला प्रश्न, तुमचं वय? तिने लिहिलं, “एकावन्न.” तुमच्यावर कोण अवलंबून आहे? “कुणी नाही,” तिने लिहिलं. पैसे कधी लागतील? “पंधरा वर्षांनी.” मग तो प्रश्न आला, ज्यावरून आमच्यात जुंपली. बाजार खूप कोसळला आणि तुमच्या रकमेचा पाचवा हिस्सा गेला, तर तुम्ही काय कराल? सगळं विकाल, थोडं विकाल, काहीच करणार नाही, की आणखी घ्याल?

“मी तर बाई अंथरूण धरीन,” ओव्हरलॉक मशीनवर कापडाच्या कडा शिवणारी आमची ओव्हरलॉकवाली म्हणाली.

“तो पर्याय दिलेला नाही,” मी म्हटलं.

मास्तरणीने त्या दिवशी उत्तर दिलंच नाही. दुसऱ्या दिवशी ‘काहीच करणार नाही’वर बोट ठेवलं. मग तिने अटी वाचायला घेतल्या. कापडाची वीण तपासायचं छोटं भिंग असतं ना, ते फोनच्या पडद्यावर धरून. चार दिवसांच्या जेवणाच्या सुट्ट्या त्यात गेल्या. आम्ही हसायचो. अटी कुणी वाचतं का? तिने त्यातली एक ओळ वहीत उतरवून घेतली: ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय योजनेचा प्रकार बदलला जाणार नाही. मग ‘मान्य’ दाबलं.

अडीच वर्षं सगळं सुरळीत चाललं. दाढा बसल्या. तिचं बघून आम्ही सहा जणींनीही खाती उघडली. महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी, ती आकडा बघायची आणि फोन पिशवीत टाकायची.

आणि मग बाजार पडला. आधी थोडा, मग धाडकन. ओव्हरलॉकवालीच्या तोंडचं पाणी पळालं. रोज सकाळी ती आकडा मोठ्याने वाचायची, जशी काही घरातल्या आजाऱ्याचा ताप सांगतेय. शेवटी तिने सगळे पैसे काढून घेतले. मास्तरीण तिला एका शब्दाने बोलली नाही. “तिला झोप लागत नव्हती, मला लागते,” एवढंच म्हणाली. घरी दादाला मात्र जोर चढला. “हात दाखवून अवलक्षण! पैसे मजल्यात होते तेव्हा निदान भिंती तरी दिसत होत्या.”

“भिंती तुला दिसत होत्या,” ती म्हणाली.

पगाराच्या दिवशी तिने फोन उघडला आणि कात्री बाजूला ठेवली. ती कापणी अर्ध्यावर सोडत नाही, म्हणून मीच मशीन थांबवून गेले. पडद्यावर रंगीत फुगे उडत होते. “अभिनंदन! तुमचं वय आणि बाजाराची अस्थिरता लक्षात घेऊन तुम्हाला आमच्या ‘निश्चिंत’ योजनेत हलवण्यात आलं आहे.” तिचे जवळजवळ सगळे शेअर विकले होते, बाजार अगदी तळाला असताना. नव्या योजनेची फी दुप्पट होती.

“मी काहीच करणार नाही असं लिहून दिलं होतं,” ती हळू म्हणाली. “मग ह्यांनी केलं कसं?”

मदतीच्या नंबरवर यंत्र बोलायचं. तिने विचारलं, “माझे शेअर मला न विचारता का विकले?” यंत्र म्हणालं, “शेअर कसे विकावेत हे जाणून घेण्यासाठी एक दाबा.” तिने नऊ दिवस फोन केले. दहाव्या दिवशी आम्ही दोघी अर्ध्या दिवसाची रजा टाकून कंपनीच्या कार्यालयात गेलो.

काचेची इमारत, चौथा मजला, आणि सोफा इतका मऊ की बसल्यावर उठताना कुणाचा तरी हात लागावा. तासाभराने एक तरुण अधिकारी आला. मास्तरणीने आधी त्याच्या शर्टाचा खिसा बघितला. खिशाच्या रेघा छातीच्या रेघांना जुळत नव्हत्या. मला कोपराने ढोसून ती पुटपुटली, “महागडा असेल, पण कापणारा घाईत होता.”

अधिकारी अदबीने बोलत होता. “आई, हे आमच्या हिताचं नाही, तुमच्याच हिताचं आहे. आणि निर्णय कुणा माणसाने घेतलेला नाही. प्रणालीने घेतलाय.”

“मी तुमची आई नाही. ग्राहक आहे,” ती म्हणाली. “मी कापड कापते. उद्या मशीनने पाचशे बाह्या उलट्या कापल्या आणि मी मालकाला सांगितलं, मी नाही, मशीनने कापल्या, तर तो काय म्हणेल? मशीनला फर्मा कुणी दिला, असंच विचारेल ना? मी तुम्हाला तेच विचारते. फर्मा कुणी दिला?”

तो नुसता हसला. आत जाऊन तो एक कागद घेऊन आला. सहा महिन्यांची फी माफ. बदल्यात सही करायची, की माझी काही तक्रार नाही.

मी तिच्या कानात म्हटलं, “घे गं. पदरी पडलं पवित्र झालं.”

“आधी पदरात तर पडू दे,” ती म्हणाली आणि कागद उलटा करून टेबलावर ठेवला. “ही ओळ तुमच्याच अटींमधली आहे.” तिने वही उघडून दाखवली. “संमतीशिवाय बदलणार नाही. माझी संमती दाखवा. मी इथेच बसते.”

आम्ही दिवे मालवेपर्यंत बसलो. संमती काही सापडली नाही.

गुंतवणुकीच्या कंपन्यांवर देखरेख ठेवणारं एक सरकारी कार्यालय असतं, हे आम्हाला ग्रंथालयातल्या बाईंकडून कळलं. मास्तरणीने तक्रार स्वतःच्या अक्षरात लिहिली, तीन पानं. कंपनीकडून दोन पत्रं आली, दोन्हींत तीच फीमाफी आणि तीच सहीची रिकामी जागा. दोन्ही तिने तक्रारीलाच जोडून पाठवली. त्यानंतर अकरा महिने गेले. मधल्या काळात बाजार सावरला, वर चढला, आणि तिचे पैसे ‘निश्चिंत’ योजनेत निवांत पडून राहिले. तिला सगळ्यात जास्त छळलं ते याच काळाने. “पडला तेव्हा मी डगमगले नाही,” ती एकदा म्हणाली, “पण आता चढताना बघवत नाही.” ओव्हरलॉकवालीने सुचवलं, सोड आता, मोठ्यांशी कुठे लागतेस? दादाही तेच म्हणाला.

फक्त वहिनी एका संध्याकाळी मागच्या खोलीत आली, दार लोटून घेतलं आणि म्हणाली, “वन्सं, त्या वहीतली ओळ मला दाखवा बरं.” तीस वर्षांत पहिल्यांदा त्या दोघी स्वयंपाकघराबाहेर शेजारी बसल्या. जाताना वहिनीने विचारलं, “माझ्या नावाचं खातं उघडायला तुमच्या दादांची सही लागते का हो?”

“नाही,” मास्तरीण म्हणाली. “कुणाचीच लागत नाही.”

सुनावणीला एक लांब टेबल होतं. कंपनीचा वकील म्हणाला, तक्रारदार बाईंचं वय बघता प्रणालीने दाखवलेली सावधगिरी योग्यच होती, अशा ग्राहकांना जोखीम समजत नाही. सुनावणी घेणाऱ्या बाईंनी मास्तरणीकडे बघितलं. ती उभी राहिली.

“माझं वय यांना आता कळलेलं नाही. पहिल्याच प्रश्नात मी ते लिहून दिलं होतं. पडल्यावर काय करीन तेही लिहून दिलं होतं, आणि पडल्यावर मी तेच केलं. ज्याला जोखीम समजली नाही, तो घाबरून तळाला विकतो. या खोलीत ते कुणी केलं?”

वकिलाने कागद चाळले. मागच्या रांगेत कुणीतरी हसू दाबलं. ते मी होते.

निकाल महिन्याभराने आला. तिचे शेअर जितके होते तितके परत द्यायचे, जास्तीची फी परत करायची, आणि तिच्यासारखे जितके ग्राहक न विचारता हलवले गेले, त्या सगळ्यांना तेच. पुढे कळलं, असे चार हजारांवर लोक होते. आमच्यातल्याच दोघी त्यात निघाल्या. त्यांनी फोन उघडूनही पाहिला नव्हता. निकालाच्या पत्रात क्षमा मागितलेली नव्हती. मास्तरणीने ती दोनदा शोधली, मग पत्राची घडी घातली आणि शाळेच्या गणवेशांचा लॉट कापायला घेतला.

दादाने रात्री जेवताना विचारलं, “म्हणजे तू जिंकलीस?” मग पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवत, “माझ्या निवृत्तीचे पैसे येतील पुढच्या वर्षी. तू बघशील का?”

“बघणार नाही,” ती म्हणाली. “शिकवीन. वाचायचं तुझं तू.”

दोन महिन्यांनी कंपनीतून एक मुलगी कारखान्यात आली, सोबत कॅमेरावाला. नवशिक्या गुंतवणूकदारांसाठी जाहिरात करायची होती, साधीसुधी कष्टकरी बाई, तिचा विश्वास, वगैरे. मास्तरणीने त्यांना स्टूल दिलं, चहा पाजला आणि म्हणाली, “फोटो काढा की. फक्त खाली लिहा, ‘हिने आमच्याविरुद्ध तक्रार केली आणि जिंकली.’” मुलीने वरिष्ठांना विचारून कळवते म्हणून सांगितलं. अजून विचारतेच आहे.

मी तिला म्हटलं, अशा कंपनीत पैसे ठेवतेस कशाला, दुसरीकडे ने. ती म्हणाली, “इथे आता माझं नाव ठाऊक झालंय. दुसरीकडे पुन्हा पहिल्यापासून भांडत कोण बसणार?”

गेल्या महिन्यात तिने कारखान्याच्या मागच्या गल्लीत एक खोली भाड्याने घेतली. एक खिडकी, एक ओटा, भिंतींना ओलसर डाग. दादाने तोंड फुगवलं, वहिनीने दोन पातेली आणि एक तवा बांधून दिला. भाडेकरारातल्या एका रकान्यावर बोट ठेवून घरमालकाने विचारलं, बरोबर पुरुषमाणूस कोण? तिने तो रकाना आडवी रेघ मारून बंद केला आणि खाली सही केली.